आटोपशीर प्रोटॉन उपचारयंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोगावरच्या प्रोटॉन उपचारासाठी पूर्वी स्वतंत्र इमारत बांधावी लागायची. आता एका खोलीचं केंद्र चालू रुग्णालयाच्या आवारात बसवता येतं. यंत्र किती लहान झालं हे माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. लहान होताना काय सोडावं लागलं, ते मात्र शोधावं लागतं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, रुग्णालयांचे नियोजक आणि अधूनमधून रुग्णांचे नातेवाईकही जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

नेहमीचं रेडिएशन असताना प्रोटॉन कशाला?

क्ष-किरण शरीरात एका बाजूनं शिरतात आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात. त्यामुळे गाठीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या निरोगी भागालाही डोस मिळतो. प्रोटॉन हा विद्युतभारित आणि जड कण. त्याचा वेग जसजसा मंदावतो तसतशी तो जास्त ऊर्जा सोडतो आणि ठरावीक खोलीवर थांबतो. थांबण्याआधीच्या काही मिलिमीटरांत डोस एकदम वर चढतो. यालाच ब्रॅग शिखर म्हणतात. त्याच्या पलीकडे जवळजवळ काही उरत नाही. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये याचा वैद्यकीय उपयोग सुचवला आणि १९५४ मध्ये बर्कलीला पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

लहान मुलांच्या मेंदूतल्या आणि मणक्यातल्या गाठी, कवटीच्या तळाशी होणारा कॉर्डोमा, डोळ्यातला मेलॅनोमा या ठिकाणी याचं महत्त्व मोठं आहे. सगळीकडे मात्र तसं नाही. प्रोस्टेटच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या पार्टिकॉल या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाले. दोन वर्षांनंतर आतड्याच्या तक्रारींबाबत प्रोटॉन आणि आधुनिक क्ष-किरण उपचार यांत फरक आढळला नाही. यंत्र स्वस्त आणि लहान करण्याची धडपड याच्याशी जोडलेली आहे. फायदा काही रुग्णांपुरता असेल तर त्यासाठी किती खर्च करायचा, हा प्रश्न टळत नाही.

यंत्र मुळात एवढं मोठं का लागतं?

खोलीमुळे. ७० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट) प्रोटॉन पाण्यात सुमारे ४ सेंटिमीटर जातो, १५० चा सुमारे १६ आणि २३० चा सुमारे ३३. प्रौढ माणसाच्या ओटीपोटापर्यंत आडव्या बाजूनं पोचायचं तर २३० च्या आसपासची ऊर्जा हवीच.

एवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन चुंबकानं वळवायचा असेल, तर चुंबकीय क्षेत्र आणि वळणाची त्रिज्या यांचा गुणाकार २.३ टेस्ला-मीटर इतका भरतो. यात सवलत नाही. लोखंड २ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास संपृक्त होतं, म्हणजे त्यापुढे फारशी साथ देत नाही. म्हणून साध्या तांब्याच्या वेटोळ्यांच्या सायक्लोट्रॉनमध्ये (प्रोटॉनना चुंबकीय क्षेत्रात गोल फिरवत वेग देणाऱ्या यंत्रात) त्रिज्या मीटरच्या वर जाते. तिच्याभोवती क्षेत्र परत वळवणारं लोखंड येतं. आयबीए या बेल्जियन कंपनीचा जुना, भरवशाचा सी-२३० हा सायक्लोट्रॉन म्हणूनच ४.३ मीटर व्यासाचा आणि २२० टनांचा आहे.

कमाल ऊर्जा कमी ठेवून लहान यंत्र का बनवत नाहीत?

बनवता येतं. हार्वर्डचा सायक्लोट्रॉन १६० एमईव्हीचा होता आणि २००२ पर्यंत त्यावर नऊ हजारांहून अधिक रुग्णांवर उपचार झाले. पण त्यातले बहुतेक डोकं आणि डोळ्यांचे होते. सोळा सेंटिमीटरांच्या पलीकडची गाठ आली की रुग्णाला परत पाठवावं लागतं. एकच खोली असलेल्या रुग्णालयाला हे परवडत नाही. उलट प्रोटॉम या कंपनीनं ३३० एमईव्हीपर्यंत जाणारा सिंक्रोट्रॉन (प्रोटॉनचा एकेक गट कड्यात फिरवून हव्या त्या ऊर्जेला बाहेर सोडणारं यंत्र) केला, कारण तेवढ्या ऊर्जेचा प्रोटॉन शरीराच्या आरपार जातो आणि त्यानं प्रतिमाही घेता येते.

चुंबक जास्त ताकदीचा केला की काम झालं, नाही का?

आकारापुरतं झालं. क्षेत्र दुप्पट केलं की त्रिज्या निम्मी होते, आणि घनफळ तिन्ही दिशांनी आकसत असल्यामुळे वजन झपाट्यानं उतरतं. आयबीएच्या प्रोटियस वन या एका खोलीच्या यंत्रणेतला अतिवाहक (अतिथंड केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांचा) सायक्लोट्रॉन मध्यभागी ५.७ टेस्लावर चालतो आणि त्याचं वजन सुमारे ५० टन आहे. मेव्हिऑन या अमेरिकी कंपनीनं क्षेत्र ९ टेस्लाच्या जवळ नेलं आणि वजन वीस टनांच्या आसपास आणलं. इतकं हलकं की अख्खा त्वरकच (प्रोटॉनना वेग देणारं यंत्र) गॅन्ट्रीच्या, म्हणजे रुग्णाभोवती फिरणाऱ्या सांगाड्याच्या, भुजेवर बसवून फिरवता येतो. सेंट लुईसला डिसेंबर २०१३ मध्ये अशा यंत्रावर पहिला उपचार झाला.

त्यापुढे साहित्याची अडचण येते. नायोबियम-टायटॅनियमची तार लवचीक आणि खात्रीची, पण साधारण ८-९ टेस्लानंतर व्यवहारात ती दमते. मेव्हिऑननं म्हणून नायोबियम-टिन घेतलं. ते आणखी वरच्या क्षेत्रात चालतं, पण काचेसारखं ठिसूळ असतं. आधी वेटोळं गुंडाळायचं, मग साडेसहाशे अंशांच्या आसपास भाजायचं आणि त्यानंतर ते वाकणार नाही याची काळजी घ्यायची.

मग जबर चुंबकात हरवतं काय?

बीमचं, म्हणजे प्रोटॉनच्या झोताचं, सातत्य. या क्षेत्रातली ही सगळ्यात मोठी देवघेव आहे, म्हणून जरा सविस्तर.

२३० एमईव्हीच्या प्रोटॉनचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६० टक्के असतो. सापेक्षतेमुळे त्याचं प्रभावी वस्तुमान जवळपास पाव भागानं वाढतं आणि एक फेरी पूर्ण करायला त्याला जास्त वेळ लागू लागतो. रेडिओलहरीची वारंवारिता स्थिर ठेवायची तर बाहेरच्या बाजूला क्षेत्र वाढवत न्यावं लागतं. पण बाहेर वाढणारं क्षेत्र प्रोटॉनना वर-खाली विखुरतं. त्यावर तोडगा म्हणून लोखंडी ध्रुवांवर आलटूनपालटून उंचवटे आणि दऱ्या काढतात. हा झाला समकालिक सायक्लोट्रॉन: सी-२३०, किंवा व्हेरियन कंपनीचा ९० टनी अतिवाहक २५० एमईव्हीचा. क्षेत्र चार-पाच टेस्लाच्या वर गेलं की लोखंड आधीच संपृक्त झालेलं असतं. मग त्या उंचवट्या-दऱ्यांचा एकूण क्षेत्रातला वाटा किरकोळ उरतो आणि बीमला आवर घालता येत नाही.

त्यामुळे जास्त क्षेत्राची यंत्रं सिंक्रोसायक्लोट्रॉन पद्धतीकडे वळली. यात क्षेत्र बाहेरच्या बाजूला कमी होत जातं आणि रेडिओलहरीची वारंवारिता प्रोटॉनच्या मंदावत्या फेरीबरोबर खाली आणतात. प्रोटियस वनमध्ये ती ९० मेगाहर्ट्झच्या वरून सुरू होऊन साठीत येते. एका वेळी प्रोटॉनचा एकच गट वर चढतो, तो बाहेर पडला की दुसरा.

शेतीच्या भाषेत सांगायचं तर समकालिक सायक्लोट्रॉन म्हणजे पाटाचं पाणी, सिंक्रोसायक्लोट्रॉन म्हणजे रहाटगाडगं आणि सिंक्रोट्रॉन म्हणजे मोट. पाणी तिघांकडूनही मिळतं, पण वाफ्याला नेमकं मोजून द्यायचं असेल तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

या तुटक बीमचा रुग्णाला काय फरक पडतो?

प्रवाह कमी पडेल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. एक लिटर आकाराच्या गाठीला २ ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) डोस द्यायला सुमारे १०० अब्ज प्रोटॉन लागतात. ते एका मिनिटात द्यायचे तर सरासरी प्रवाह एक नॅनोअँपिअरही लागत नाही.

अडचण मोजमापात आहे. गाठ थराथरानं आणि प्रत्येक थर बारीक बीमच्या ठिपक्या-ठिपक्यानं भरला जातो. प्रोटियस वन सेकंदाला १००० स्पंद देतो, प्रत्येक स्पंद काही मायक्रोसेकंदांचा. स्पंद एकदा सुटला की मध्येच तोडता येत नाही. म्हणून प्रत्येक ठिपक्याला आधी मोठा, मग मोजून उरलेल्याइतका लहान असे अनेक स्पंद द्यावे लागतात. फुप्फुसातली गाठ श्वासाबरोबर हलते. बीमचा ठिपका आणि गाठ यांचा ताल जुळला नाही की कुठे डोस जास्त, कुठे कमी. उपाय म्हणजे तोच थर अनेकदा रंगवणं, आणि त्याला वेळ लागतो. स्थिर गाठीसाठी हा मुद्दा जवळजवळ गौण आहे.

आणि फ्लॅश उपचार?

सेकंदाला ४० ग्रे किंवा त्याहून वेगानं डोस देण्याची ही प्रायोगिक पद्धत आहे. अमेरिकेत सिनसिनाटीला हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवर तिची पहिली प्रोटॉन चाचणी झाली. त्यासाठी २५० एमईव्हीचा समकालिक सायक्लोट्रॉन पूर्ण ऊर्जेवर चालवला आणि बीम शरीराच्या आरपार जाऊ दिला. ब्रॅग शिखर शरीराबाहेर पडलं, म्हणजे प्रोटॉनचा मुख्य फायदाच बाजूला ठेवला. आज लहान यंत्र घेताना केवळ फ्लॅशच्या आशेवर जादा पैसे मोजू नयेत, असं माझं मत.

सायक्लोट्रॉनमधून एकच ऊर्जा निघते. मग वेगवेगळ्या खोलीवर बीम कसा थांबवतात?

वाटेत अडथळा घालून. हा अडथळा कुठे ठेवायचा, यावर अख्ख्या यंत्राची मांडणी ठरते. वृत्तपत्रांत बातमी येते ती त्वरकाची, पण उपचाराचा दर्जा बराचसा रुग्णाआधीच्या शेवटच्या मीटरभरात ठरतो.

पहिला मार्ग जुना. सायक्लोट्रॉनमधून बाहेर पडताच बीम ग्रॅफाइटच्या पाचरीतून न्यायचा. त्यात तो मंदावतो, पण विखुरतो आणि त्याची ऊर्जाही एकसारखी राहत नाही. पुढे चुंबक आणि फटींची रांग लावून हवा तेवढाच भाग निवडायचा. २३० वरून ७० एमईव्हीपर्यंत खाली आणताना निम्मा नव्हे, एक टक्काही बीम शिल्लक राहत नाही. बाकीचे प्रोटॉन तिथेच आदळतात आणि न्यूट्रॉन उडवतात. पण हे सगळं रुग्णापासून दूर, जाड भिंतीआड घडतं. रुग्णापर्यंत येतो तो नीटनेटका, बारीक बीम. मोबदल्यात काही मीटर लांबीची चुंबकांची रांग आणि तेवढी जागा द्यावी लागते. प्रोटियस वननं ही रांग आखडून काही भाग गॅन्ट्रीवर चढवला, पण टाकून दिली नाही.

दुसरा मार्ग मेव्हिऑनचा. त्वरक थेट रुग्णाकडे तोंड करून आहे, मग रांगेला जागाच कुठे? म्हणून रुग्णाच्या अगदी जवळ, नोझलमध्ये (बीम बाहेर पडण्याच्या तोंडात) पॉलिकार्बोनेटच्या पट्ट्या आतबाहेर सरकवतात. पट्टी सरकायला सेकंदाचा लहानसा अंश पुरतो, म्हणजे थर बदलण्यात हे यंत्र चपळ. पण पट्टीतून विखुरलेला बीम सावरायला पुढे काहीच नाही. पूर्ण ऊर्जेला ठिपक्याची पसरण ४ मिलिमीटरच्या आसपास असते, ती कमी ऊर्जेला सेंटिमीटरच्या पुढे जाते. ती धार परत आणण्यासाठी मेव्हिऑननं हलत्या निकेलच्या पात्यांची झडप बसवली आहे. ती दर थराच्या कडा कापते. कापलेले प्रोटॉन रुग्णाजवळच न्यूट्रॉन तयार करतात.

आता यातली मेख. शरीराच्या आतही प्रोटॉन विखुरतातच, खोलीच्या साधारण दोन टक्के. वीस सेंटिमीटर खोल गाठीपाशी शरीरानंच बीम चार-साडेचार मिलिमीटरनं पसरवलेला असतो, तिथे यंत्रायंत्रांतला फरक पुसट होतो. उथळ गाठीला मात्र तो पुरता उघडा पडतो. आणि उथळ गाठी कोणाच्या? लहान मुलांच्या डोक्यातल्या, चेहऱ्या-मानेतल्या, म्हणजे ज्यांच्यासाठी प्रोटॉन सगळ्यात जास्त हवा त्यांच्या. मुलांवर प्रामुख्यानं उपचार करणाऱ्या केंद्रानं हा एक आकडा सगळ्यांच्या आधी तपासावा.

सिंक्रोट्रॉनला अडथळा लागत नाही म्हणतात. मग सगळे तोच का घेत नाहीत?

बरोबर, तो हव्या त्या ऊर्जेलाच बीम सोडतो. त्यामुळे न्यूट्रॉन कमी आणि कमी ऊर्जेलाही बीम भरपूर. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडाला १९९० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या रुग्णालयीन केंद्रात अमेरिकेच्या फर्मीलॅब प्रयोगशाळेनं बांधलेला सिंक्रोट्रॉनच होता. पण कडं लहान केलं तरी व्यास पाच मीटरांच्या घरात राहतो, आणि प्रोटॉनना आधी ढकलायला वेगळा छोटा त्वरक लागतो. जुन्या पद्धतीत ऊर्जा बदलायला एक-दोन सेकंद जायचे. हिताचीनं एकाच भरणीतून अनेक ऊर्जांचा बीम काढून तो वेळ वाचवला.

सरळ रेषेतला त्वरक हा तिसरा पर्याय. सर्न या युरोपच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतून जन्मलेल्या लाइट या प्रकल्पात प्रत्येक स्पंदाला ऊर्जा बदलता येते आणि बीम अतिशय बारीक असतो. लांबी मात्र २५ मीटरच्या आसपास. शहरातल्या रुग्णालयाच्या नकाशावर ती रेघ ओढून पाहा.

गॅन्ट्री पूर्ण फिरत नसेल तर उपचार अपुरा राहतो का?

नाही. पूर्ण ३६० अंश फिरणारी पारंपरिक गॅन्ट्री शंभर टनांहून जड आणि दहा मीटरांच्या आसपास व्यासाची असते, तरी तिचा केंद्रबिंदू मिलिमीटरभरात राखावा लागतो. प्रोटियस वनची गॅन्ट्री २२० अंश फिरते, मेव्हिऑनची १९०. उरलेले कोन रुग्णाचा पलंग फिरवून मिळतात. खर्च होतो तो वेळ, आणि पलंग फिरवल्यावर रुग्णाची जागा पुन्हा तपासावी लागते.

आकार वाचवण्याच्या नादात अवघड होऊन बसलेलं उदाहरणही आहे. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत १९९६ मध्ये ठिपक्या-ठिपक्यानं डोस देणारी पहिली प्रोटॉन गॅन्ट्री सुरू झाली. रुग्णाचा पलंग गॅन्ट्रीवरच एका बाजूला बसवून तिचा व्यास चार मीटरपर्यंत आणला होता. पण गॅन्ट्री फिरली की रुग्णही जमिनीपासून वर जायचा, आणि मध्येच त्याच्याजवळ पोचणं कर्मचाऱ्यांना कठीण व्हायचं. संस्थेनं पुढची गॅन्ट्री वेगळ्या रचनेची केली.

गॅन्ट्रीच काढून टाकली तर? रुग्णाला खुर्चीत बसवून?

मला हा पर्याय सगळ्यात आशादायक वाटतो. बीम आडवा आणि स्थिर, रुग्ण खुर्चीसह फिरतो. डोळ्यांचे उपचार पूर्वीपासून असेच होतात. इस्रायलच्या पी-क्युअर कंपनीनं जेरुसलेमला बसलेल्या रुग्णांसाठी पूर्ण यंत्रणा उभी केली. शंभर टन पोलाद आणि त्याभोवतीची तीन मजली पोकळी एकदम वाचते.

मात्र बसलेल्या माणसाचं पोट, फुप्फुसं, यकृत झोपलेल्या स्थितीपेक्षा वेगळ्या जागी असतात. त्यामुळे सीटी स्कॅनही बसवूनच काढावा लागतो आणि त्यासाठी वेगळा स्कॅनर लागतो. शिवाय आजारानं खंगलेला किंवा भूल दिलेला रुग्ण अर्धा तास निश्चल बसू शकत नाही. लहान मुलांना बहुधा भूल द्यावी लागते, त्यांच्यासाठी खुर्ची अडचणीचीच.

भिंतीही लहान होतात का?

थोड्या. प्रोटॉनमुळे सुटणारे जोरदार न्यूट्रॉन साधारण दर मीटरभर काँक्रीटमागे दहापटीनं कमी होतात, म्हणून दोन मीटर आणि जास्त जाडी नेहमीची. त्वरक चिमुकला झाला तरी न्यूट्रॉनची ऊर्जा तीच राहते. त्वरक उपचाराच्या खोलीतच असेल तर एक वेगळी खोली वाचते, पण उरलेल्या खोलीच्या भिंतींना दोन्हीचा भार घ्यावा लागतो. शिवाय दुरुस्तीसाठी त्वरकापाशी जायचं तर उपचार थांबवावेच लागतात.

एका खोलीचं केंद्र बरं की तीन खोल्यांचं?

पैशाच्या जोखमीकडे पाहिलं तर एका खोलीचं. परदेशात मोठी केंद्रं दहा कोटी डॉलरच्या पुढे जातात, एका खोलीचं केंद्र त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यात उभं राहू शकतं. पण प्रति खोली खर्च मोठ्या केंद्रात कमी पडतो. रुग्ण खोलीत साधारण अर्धा तास असतो आणि त्यात बीम चालू असतो मोजकीच मिनिटं. बाकीचा वेळ त्याला नेमक्या जागी आणण्यात जातो. तीन खोल्यांना एकच सायक्लोट्रॉन पुरतो तो यामुळेच. एका खोलीत मात्र कोट्यवधींचा त्वरक बहुतेक वेळ रिकामा वाट पाहत असतो. म्हणून बीम दुप्पट वेगवान केला तरी दिवसाचे रुग्ण दुप्पट होत नाहीत. ठेवणीचा, म्हणजे रुग्णाला जागेवर आणण्याचा वेळ कमी केला तर होतात.

अतिवाहक चुंबक बिघडला तर?

त्याचं वेटोळं उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. आजच्या अनेक लहान यंत्रांत हे काम विजेवर चालणारी शीतक यंत्रं करतात, द्रव हेलियमची टाकी लागत नाही. भारतासारख्या हेलियम आयात करणाऱ्या देशात ही मोठी सोय. पण चुंबक पूर्ण तापवून उघडावा लागला, तर इतकं वस्तुमान परत गार व्हायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात. तांब्याच्या वेटोळ्याचा सायक्लोट्रॉन वीज खातो, पण बंद करून लगेच उघडता येतो.

महाराष्ट्रात असं लहान यंत्र आहे का?

नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक परिसरात प्रोटॉन केंद्र आहे. तिथे २०२३ पासून रुग्णांवर उपचार होतात. पण ती यंत्रणा मोठ्या प्रकारातली, सी-२३० वर चालणारी, तीन गॅन्ट्रींची. चेन्नईच्या अपोलोमध्ये जानेवारी २०१९ पासून चालणारं केंद्रही त्याच घराण्यातलं. टाटासारख्या, रुग्णांची रीघ कधीच न संपणाऱ्या संस्थेसाठी मोठं यंत्रच हिशेबात बसतं. नागपूर किंवा संभाजीनगरसारख्या शहरात कधी विचार झाला, तर गणित वेगळं असेल.

टेबलावर मावणारं लेसरचं यंत्र कधी येणार?

लेसरनं प्रोटॉन उडवता येतात, पण निघणाऱ्या प्रोटॉनच्या ऊर्जा विखुरलेल्या असतात आणि प्रत्येक झटका सारखा नसतो. उपचारात दोन्ही चालत नाही. अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेतून आलेली, दर मीटरला १०० दशलक्ष व्होल्ट देऊ पाहणारी भिंत-त्वरकाची (विद्युतरोधक भिंतीच्या नळीत प्रोटॉनना वेग देणाऱ्या यंत्राची) कल्पनाही रुग्णापर्यंत पोचली नाही. यंत्र घ्यायचं असेल तर याची वाट पाहू नये.

लहान यंत्रावर उपचार म्हणजे कमी दर्जाचा उपचार का?

गाठ खोल आणि स्थिर असेल तर सहसा नाही. गाठ उथळ आणि नाजूक अवयवाला खेटून असेल, किंवा श्वासाबरोबर हलत असेल, तर डॉक्टरांना आणि भौतिकतज्ज्ञांना योजना दाखवायला सांगा. चांगल्या केंद्रात ते तुलना करून दाखवतात, काही वेळा क्ष-किरणच बरे असंही सांगतात.

रुग्णालयानं विक्रेत्याला काय विचारावं?

कमाल ऊर्जेचा ठिपका ते आपणहून सांगतील. तुम्ही सर्वांत कमी ऊर्जेचा विचारा, तोही रुग्णाच्या त्वचेपाशी, नोझल आणि त्वचा यांतलं प्रत्यक्षातलं अंतर धरून. एक लिटरच्या हलत्या गाठीला पाच वेळा रंगवून २ ग्रे द्यायला किती मिनिटं लागतात, ते चालू केंद्रात उभं राहून घड्याळ लावून पाहा. चुंबक तापवावा लागल्यास किती दिवस बंद राहील आणि तो तोटा कोणाचा, हे करारात लिहून घ्या. अर्ध्यावर आलेले उपचार त्या काळात कुठे पूर्ण होतील, याची जवळच्या दुसऱ्या केंद्राशी बोलणी यंत्र येण्याआधीच करून ठेवा, कारण प्रोटॉनसाठी आखलेली योजना तशीच्या तशी दुसऱ्या बनावटीच्या यंत्रावर चालत नाही.